टॅको, तर्री आणि अंगारकी

नागपुरात लॅटिन अमेरिका मेनूकार्डाच्या सातव्या पानावर राहते. वर चायनीज, खाली सिझलर, आणि मधल्या चार बोटं जागेत रिओ ग्रांदे नदीपासून थेट अर्जेंटिनाच्या टोकापर्यंतचा सगळा मुलूख दाटीवाटीनं कोंबलेला असतो. डोक्यावर ठळक अक्षरांत 'मेक्सिकन' एवढंच लिहिलेलं. त्या एका छत्राखाली क्यूबा, जमैका आणि ब्राझील काही तक्रार न करता नांदतात. धरमपेठेत मी 'जमैकन जर्क पनीर' पाहिलं आहे. रामदासपेठेत 'क्यूबन आलू टिक्की सँडविच' पाहिलं आहे. आणि 'कॅरिबियन फिश' तर झिरो माइलच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर पाहिलं, जिथून समुद्र बघायचा म्हटलं तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं.

ज्या शहराची सकाळ तर्री-पोह्यांनी उजाडते, दुपार डाळभाजीत जाते आणि रविवारची रात्र सावजीच्या रश्श्यापुढे नाक-डोळे पुसण्यात संपते, त्या शहराला हे सातवं पान कशाला हवं, असं कोणी विचारेल. कारण उघड आहे. सावजी आपण पाहुण्यांना खाऊ घालतो आणि त्यांची अवस्था पाहून सुखावतो. स्वतः बाहेर जेवायला निघालो की मात्र 'रोजचं नको बाबा, काही वेगळं खाऊ' हा ठराव एकमतानं पास होतो. मग आपण ते वेगळं मागवतो, ते समोर येतं, आणि 'हे तर आपलं तेच!' असं सिद्ध झाल्याशिवाय कोणाच्याही घशाखाली घास उतरत नाही.

आमच्या घरात या कामाची खाती वाटून दिलेली आहेत. 'हे तर आपलं तेच' हे खातं काकूकडे. 'तिखट म्हणून काहीच नाही' हे काकांकडे. 'एवढ्या पैशात घरी काय काय झालं असतं' हे भाऊजींकडे, आणि भाऊजींना गप्प बसवण्याचं ताईकडे. शिकायला आमच्याकडे राहणाऱ्या पुतणीकडे फोटोचं खातं आहे, त्यामुळे ती 'हं, आता खा' म्हणेपर्यंत ताटाला हात लावायची सोय नाही. पदार्थात खरोखर काय घातलंय ते ओळखणं बायकोकडे. आणि माहिती माझ्याकडे. मला हे खातं कोणी दिलेलं नाही, मी ते बळकावलं आहे. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला समोर सात माणसं खुर्च्यांना खिळलेली दिसली की त्याच्यातला प्राध्यापक जागा होतो. माहिती सांगणाऱ्याला प्लेटमधला चुरा मिळतो, हा नियम मात्र पुस्तकांत कुठेच दिलेला नाही.

नाचोजचंच घ्या. प्लेट आली, फोटो झाला, मी घसा साफ केला. म्हटलं, "हा पदार्थ कसा जन्मला माहीत आहे का? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेलगत पिएद्रास नेग्रास नावाच्या गावी, एका हॉटेलात अमेरिकी सैनिकांच्या बायका अवेळी येऊन थडकल्या. आचारी जागेवर नाही. तेव्हा इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं हाताला लागलं ते जुळवलं. तळलेल्या टॉर्टियाचे तुकडे, वर चीज, वर मिरचीच्या चकत्या. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो. म्हणून हे..."

इथे मी प्लेटकडे हात नेला. प्लेटमध्ये मिरचीची एक चकती होती.

"यात विशेष काय," काकू तोंड पुसत म्हणाली. "अवेळी पाहुणे आले आणि घरात काही नसलं की मीही चिवड्यावर कांदा-सांबार टाकून देते. माझ्या नावानं कोणी काही विकून राहिलं का?"

काकूचं खातं एकदा उघडलं की लवकर बंद होत नाही. टॉर्टिया ही तिच्या लेखी पोळी, तीही एका बाजूनं कच्ची. बुरीटो म्हणजे पोरांच्या डब्यातला पोळीचा रोल. रिफ्राइड बीन्स म्हणजे काल उरलेला राजमा, आज घोटलेला. साल्सा म्हणजे टमाट्याची कोशिंबीर, फोडणी द्यायची राहिलेली. चिमीचांगा तिनं सुरीनं उभा कापला, आत डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "सांबारवडी आहे. सांबार तेवढा विसरले."

मी म्हटलं, "काकू, तुझ्या आधी पंजाब्यांनी हे करून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात गेले, तिथे त्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. पुढे त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचं यूबा सिटीत रेस्टॉरंट होतं. तिथे टॉर्टियाच्या जागी पोळी वापरून केसाडिया करायचे."

"बघा!" काकू म्हणाली. ती मान्यता पंजाब्यांना होती की स्वतःला, ते कळलं नाही. तेवढ्यात केसाडियाचे चार तुकडे चार दिशांना गेले आणि मला त्रिकोणाचा कोपरा मिळाला.

एका ठिकाणी 'क्रेओल सॉस' दिसला. मी उत्साहानं सांगितलं की क्रेओल म्हटलं की लोक न्यू ऑर्लीन्सकडे बघतात, पण आपल्या महाराष्ट्रातही क्रेओल बोलणारं गाव आहे. रायगड जिल्ह्यातलं कोर्लई, अलिबागच्या पुढे. तिथले काही लोक आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली भाषा घरात बोलतात.

"मग अलिबागलाच गेलो असतो," भाऊजी म्हणाले. "याहून स्वस्त पडलं असतं."

जर्क पनीर आलं तेव्हा मी जमैकेला गेलो. ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेट मिरची चोळून, ऑलस्पाइसच्याच झाडाच्या लाकडाच्या धुरावर मंद भाजलेलं मांस, असं सांगत होतो आणि समोर तव्यावर परतलेलं, टमाटो केचपनं गोड झालेलं पनीर माझ्याकडे ओशाळून पाहत होतं. काकांना पनीरमध्ये रस नव्हता. वेस्ट इंडीज म्हटल्यावर ते क्रिकेटवर गेले. "रोहन कन्हाय काय खेळायचा बे! गावसकरनं पोराचं नाव उगाच रोहन ठेवलं का?" मी ती संधी पकडली. म्हटलं, कन्हायच्या पूर्वजांसारखीच माणसं ऊस तोडायला गयानात आणि त्रिनिदादला गेली. त्रिनिदादला पहिलं जहाज लागलं १८४५ साली. त्यांच्या वंशजांनी तिथे डबल्स नावाचा पदार्थ काढला. दोन मऊ बारा, मध्ये चणे, वर चिंचेचं पाणी आणि तिखट सॉस. सकाळी उठून गाडीवर उभ्यानं खातात.

"छोले-भटुरे," काकू म्हणाली.

सगळ्यांचे चेहरे उजळले. त्रिनिदाद आमच्या ताब्यात आलं होतं.

काकांच्या खात्याची गोष्ट निराळी. ते महालातले. सावजीच्या दुकानात 'थोडं कमी तिखट करा' असं म्हणणारा माणूस त्यांच्या मते नागपूरचा नसून बदलीवर आलेला असतो. त्यामुळे वेटरनं अदबीनं वाकून "सर, ये थोडा स्पायसी है, चलेगा ना?" असं विचारलं की काकांना कोणी चारचौघांत ओळखपत्र मागितल्यागत होतं.

"भाऊ," काका म्हणतात, "तुम क्या मेरेको पुण्याका समझे क्या?"

मी त्यांना समजावतो की हालापेन्यो ही तशी सौम्य मिरची आहे. विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजायची पट्टी काढली. तिच्यावर हालापेन्यो अडीच हजार ते आठ हजारांत येते. काका ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्या माणसाला भिवापूरला आणलं होतं का?" भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि काका ते स्वतःला मिळालेलं असल्यासारखं सांगतात. मग मी म्हणतो, काका, भिवापुरी झाली तरी तिचं मूळ मेक्सिकोकडचंच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी मिरची हिंदुस्थानात आणली. गोंड राजा बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं १७०२ साली. मिरची इथे आली तेव्हा नागपूर व्हायचं होतं.

"बरोबरच आहे," काका म्हणाले. "ती आल्याशिवाय इथे राहिलं कोण असतं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी टेबलावरची चटकन नजरेत भरणारी पिवळी बाटली उचलली. तिच्यावर 'हबानेरो' लिहिलं होतं. मी म्हणालो, "काका, ही त्याच पट्टीवर एक लाखाच्या पुढे असते." काकांनी माझ्याकडे न पाहता टॅकोवर बाटली तीन वेळा झटकली, चौथ्यांदा माझ्यासाठी झटकली, आणि घास घेतला.

पहिलं अर्धं मिनिट काही झालं नाही. मग त्यांचे कान लाल झाले. मग टक्कल. डोळ्यांतून दोन स्वच्छ धारा निघाल्या आणि मिशांत जिरल्या. काकूनं विचारलं, "काय झालं हो?" काकांनी हातानंच 'काही नाही' म्हटलं, पाण्याचा ग्लास संपवला, काकूचा संपवला, पुतणीचा लिंबू-सोडा संपवला आणि बऱ्याच वेळानं, खोल विहिरीतून यावा तशा आवाजात म्हणाले, "यांचा एसी काही कामाचा नाही." पुढे काही वेळ ते छताकडे पाहत होते. निघताना ती बाटली कुठे मिळते हे मात्र त्यांनी वेटरला हळूच विचारलं. जावयाला द्यायची होती.

काका माझ्या माहितीचा एवढा एकच भाग लक्ष देऊन ऐकतात, जो त्यांच्या उपयोगाचा असतो. मेक्सिकोत मका तसाच दळत नाहीत, चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, साल काढून वाटतात. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, टॉर्टिया थापता येते, आणि मक्यातलं नियासिन अंगाला लागतं. युरोपनं मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिकडे पेलाग्रा नावाचा रोग जडला. एवढं ऐकून काका सरसावून बसले.

"म्हणजे चुना औषधी आहे."

"मक्यात," मी म्हणालो.

"मी तीस वर्षं पानठेल्यावर काय खाऊन राहिलो मग? आणि हिला वाटते व्यसन आहे!"

"ते मक्याला लावतात," काकू म्हणाली, "खर्र्याला नाही."

बिल आलं तेव्हा भाऊजींनी ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चुन्याचा विषय निघालाच आहे तर..."

भाऊजींच्या रागाला धरून बसलेली वाटी म्हणजे ग्वाकामोले. ॲवोकाडो कुस्करून, लिंबू-कांदा-मिरची घालून केलेली चटणी. एवढ्याशा वाटीला तीनशे चाळीस रुपये. बायकोनं चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावली, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाली, "वटाणे आहेत."

"मॅडम, इम्पोर्टेड है," वेटर म्हणाला.

"कुठून? कळमन्यातून?"

कळमना मार्केटचं नाव ऐकून वेटरची मान आपोआप खाली गेली. तो छिंदवाड्याचा पोरगा होता. छिंदवाडा म्हणजे नागपूरच्या शेजारचा मक्याचा जिल्हा. पुतणीनं त्याला विचारलं, तुला यातलं काय आवडतं? तो म्हणाला, "दीदी, घर पे रोज मक्के की रोटी मिलती थी. उसीसे भागके तो इधर आया." आणि तीच मक्याची रोटी अर्धी करून, दुमडून, दीडशे रुपयाला आमच्यासमोर ठेवून गेला.

एवढं असूनही आम्ही जातो. कारण मंगळवार. मंगळवारी तिथे 'टॅको ट्यूजडे' असतो, एकावर एक फ्री, रात्री नऊच्या आत ऑर्डर दिली तर. अमेरिकेत या दोन शब्दांची मालकी एका कंपनीनं १९८९ सालापासून कागदोपत्री आपल्याकडे ठेवली होती. दुसरी कंपनी तिच्याशी भांडली, तेव्हा कुठे २०२३ साली तिनं ती सोडली. नागपुरात असा वाद होणंच शक्य नाही. इथे मंगळवारची मालकी फार आधीपासून गणपतीकडे आहे. निम्मं शहर मंगळवारी मांसाहार करत नाही, पाव शहर कांदा-लसूण खात नाही, आणि उरलेलं 'फ्री' हा शब्द वाचून दोन्ही विसरायला तयार असतं. रेस्टॉरंटवाल्यानं कार्डात 'जैन टॅको' घालून या सगळ्यांची सोय केली होती. त्यानं एकच गोष्ट धरली नव्हती. वर्षातून एक-दोनदा मंगळवार आणि संकष्टी एकाच दिवशी येतात.

त्या मंगळवारी अंगारकी होती. आई पहाटेच टेकडीच्या गणपतीला जाऊन, स्टेशनपर्यंत आलेल्या रांगेत उभी राहून दर्शन घेऊन आलेली. ऑफरचा शेवटचा आठवडा म्हणून भाऊजी अडून बसलेले. काकूचाही उपास. चर्चा सुरू झाली आणि तिची गाडी चंद्रोदयाच्या वेळेवर येऊन थांबली.

"नऊ बावीस," काकू म्हणाली. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं होतं.

"आठ सत्तावन्न," पुतणी म्हणाली. तिनं मोबाइल पाहिला होता.

इथे माझ्या खात्याला काम आलं. मी समजावलं की आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ छापलीय मुंबईची. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून जास्त आहे, अंशाला चार मिनिटं, म्हणून चंद्र आपल्याकडे पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो.

टेबलावर, म्हणजे घरातल्या जेवणाच्या टेबलावर, शांतता पसरली. मग काका हळूच म्हणाले, "मुंबईच्या आधी? विदर्भाला?" नागपूर करार होऊन इतकी वर्षं झाली, अनुशेषाचे आकडे मोजून मोजून काकांच्या पिढीचे केस पांढरे झाले, आणि मुंबईच्या आधी मिळणारी अशी एक गोष्ट आपल्या डोक्यावरून रोज जात होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते तडक उठून कपडे करायला गेले.

वर्धा रोडवरच्या त्या रेस्टॉरंटात आम्ही साडेआठला टेकलो. भाऊजींनी नऊच्या आत ऑर्डर देऊन टाकली. आठ माणसांचे सोळा टॅको, त्यातले चार जैन. आई एका हातात स्टीलचा डबा धरून बसली होती. त्यात नैवेद्याचे मोदक. तिच्या मागच्याच भिंतीवर 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी, पाटीखाली दोन प्लास्टिकचे निवडुंग आणि वर एक मोठी मेक्सिकन टोपी.

"निवडुंग घरात लावतात का कुठे," काकू पुटपुटली.

"मेक्सिकोत त्याची भाजी करतात," मी म्हणालो.

"आमच्या शेताच्या धुऱ्यावर मस्त वाढलाय. जाऊन सांग त्यांना, घेऊन जा म्हणा."

वेळ काढायचा होता, म्हणून मी आईला विचारलं की सकाळपासून काय खाल्लं. ती म्हणाली, नेहमीचंच. साबुदाण्याची उसळ, आलूची भाजी, फल्लीदाण्याची आमटी, एक रताळं, एक राजगिऱ्याचा लाडू. आणि मला त्या क्षणी असं काही स्फुरण चढलं की मी खुर्चीवरून अर्धा उठलो.

"आई, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. आलू पेरूच्या डोंगरातले. फल्लीदाणे तिकडचेच. रताळं तिकडचं. हिरवी मिरची मेक्सिकोची. राजगिरा तर ॲझ्टेक लोक पूजेत वापरायचे. मध घालून त्याच्या देवाच्या मूर्ती करायचे आणि मग प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश लोकांनी ते बंद पाडलं. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याची वडी मिळते, हुबेहूब आपली!"

"म्हणजे मी सकाळपासून मेक्सिकन खाऊन राहिली?"

"मेक्सिको, पेरू, ब्राझील मिळून."

"आणि भगर?"

"ती इकडचीच. पण ती तू आज खाल्ली नाहीस."

आईनं थोडा विचार केला. मग तिनं समोर येऊन पडलेल्या, कोणी हात न लावलेल्या टॅकोंच्या रांगेकडे बोट केलं. "आणि यात इकडचं काय आहे?"

मी पाहिलं. "मैदा. तांदूळ. कांदा, लसूण. पनीर."

"हं," आई म्हणाली. "म्हणजे पनीर सोडलं तर उपासाला चालत नाही तेवढंच आपलं."

यावर माझ्याकडे माहिती नव्हती.

आठ सत्तावन्न झाले. आई, काकू आणि त्यांना रस्ता दाखवायला पुतणी बाहेर पार्किंगमध्ये गेल्या. पाच मिनिटांनी बायको त्यांना पाहायला गेली. मग बायकोला पाहायला ताई. चंद्र उगवला असणार यात शंका नव्हती, पण तो उगवला होता वर्धा रोडच्या दुमजली पुलाच्या पलीकडे. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. गणेशभक्तांचा चंद्र पूर्वेला उगवतो याचा त्या आराखड्यात विचार झालेला दिसत नाही. मी आणि भाऊजी बाहेर गेलो तेव्हा आई हातात पाण्याची बाटली आणि एक जास्वंद घेऊन उभी होती, काकू एकेका पायावर भार देत मान वाकडी करून पाहत होती आणि पार्किंगचा सुरक्षारक्षक शिट्टी वाजवत गाड्या मागे घेऊन त्यांना जागा करून देत होता.

"दिसला!" पुतणी ओरडली. मेट्रोच्या कठड्यावर तांबूस कड आली. आईनं बाटलीचं झाकण उघडलं. तेवढ्यात खापरीकडून मेट्रो आली आणि चंद्राच्या पुढ्यात उभी राहिल्यागत सावकाश गेली. ती गेली तोवर ढग आला. ढग गेला तोवर समोरच्या बाजूनं दुसरी मेट्रो आली.

आत वेगळंच नाट्य चाललं होतं. वेटरला दिसत होतं ते एवढंच. आठ माणसांनी नऊच्या ठोक्याआधी घाईघाईनं सोळा टॅको मागवले, एकालाही हात लावला नाही आणि एकेक करून दाराबाहेर पडली. टेबलावर फक्त काका. आणि काकांनी, चंद्र दिसेपर्यंत खायचं नाही म्हणून, वेळ घालवायला नेमकी पिवळी बाटली हातात घेऊन वाचायला सुरुवात केलेली. मॅनेजर धावत आला. "सर, आपके लोग किधर गये?"

"चाँद देखने," काका शांतपणे म्हणाले.

मॅनेजरनं काकांच्या खुर्चीशेजारीच उभं राहायचं ठरवलं.

शेवटी दोन मेट्रोंच्या मधल्या फटीत चंद्र सापडला. आईनं अर्घ्य दिलं, सुरक्षारक्षकानं शिट्टी खिशात घालून हात जोडले, आणि आम्ही वरात घेऊन परत आत आलो. मॅनेजरच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. मग त्याची नजर डब्यावर गेली, डब्यावरून पाटीवर गेली.

"आजी, बाहर का अलाउड नहीं है."

"बाहेरचं नाही, घरचं आहे," आई म्हणाली आणि त्याच्या तळहातावर एक मोदक ठेवला. नागपुरात प्रसाद हातावर पडल्यावर कोणताही नियम चालत नाही. त्यानं कपाळाला लावून खाल्ला. छिंदवाड्याच्या पोरानं खाल्ला. मागून आचारी आला, त्यानं दोन खाल्ले आणि काकूला विचारलं की सारणात काय आहे. काकूनं त्याला खुर्ची ओढून बसायला लावलं. पुढचा पाऊण तास आमच्या टेबलावर पाककृतींचं आदानप्रदान झालं आणि आमचे सोळा टॅको पोळीच्या लगद्यासारखे मऊ होऊन पडले. 'बिघडले बिघडले' म्हणत ते सगळ्यांनी संपवले. फ्री होते.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म आला. पुतणी लिहायला बसली, आईनं सांगायला सुरुवात केली. चव: बरी आहे, पण फल्लीदाण्याचा कूट घालून पाहावा. सेवा: पोरगा गुणी आहे, घरून निघून आला, त्याला सुट्टी द्यावी. स्वच्छता: निवडुंग काढावेत. सुधारणा: अंगारकीला ऑफर चंद्रोदयापर्यंत ठेवावी, आणि वेळ मुंबईची नको, नागपूरची धरावी. काकांनी खाली स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ घातली: 'तिखट काहीच नाही.'

त्यानंतर आला मोबाइल नंबरचा रकाना. आईनं फॉर्म ओढून घेतला.

"नंबर कशाला?" ती म्हणाली. "भाऊजींचा लिही."